कापूस, कापूर आणि रंगीत पेनं

१९२० साली चांगलं फाउंटन पेन घ्यायला निघालेल्या गिऱ्हाइकाला रंगाचा विचार करावा लागत नसे. पेन काळं असायचं. फार तर विटकरी लाल, नाहीतर लाल-काळ्या रेषा एकमेकींत मिसळलेलं. पेनाचं अंग तेव्हा एबोनाइटचं, म्हणजे भरपूर गंधक घालून भाजलेल्या कडक रबराचं असे. शाईतल्या आम्लाला ते दाद देत नसे आणि लेथवर सुरेख कातलं जाई. पण त्या गंधकात आणि भट्टीच्या उष्णतेत बहुतेक रंगांचा निभाव लागत नसे. शिवाय पेन फरशीवर पडलं की तडकायचं आणि वर्षानुवर्षं उजेडात राहिलं की काळ्याचं मातकट तपकिरी व्हायचं.

१९२४ साली अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या फोर्ट मॅडिसन गावच्या शेफर कंपनीने हिरवंगार पेन बाजारात आणलं. कंपनीचे संस्थापक वॉल्टर शेफर मूळचे जवाहिरे. पेनाच्या रंगाला त्यांनी ‘जेड’ हे रत्नाचं नाव दिलं आणि ज्या पदार्थाचं ते बनलं होतं त्याला ‘रॅडाइट’. रॅडाइट म्हणजे सेल्युलॉइडच. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या लेबफसारख्या छोट्या कारखान्यांनी ते पेनांसाठी आधीच वापरून पाहिलं होतं. मोठ्या कंपनीने मोठ्या प्रमाणावर उचललं ते आता. हे पेन साडेआठ-पावणेनऊ डॉलरच्या घरात जायचं, तरी ते खपलं, आणि दोन-तीन वर्षांत सगळ्या धंद्याचा रंग पालटला.

आज जुन्या पेनांचे संग्राहक ज्या नमुन्यांसाठी पदरचे पैसे मोजतात, त्यांतले बरेचसे त्यानंतरच्या पंचवीसेक वर्षांतले आहेत. पुढे सेल्युलॉइड मागे पडलं आणि त्याची जागा स्वस्त, झटपट प्लास्टिकने घेतली. हे का झालं ते समजायचं तर या पदार्थाच्या पोटात शिरायला हवं, कारण त्याचं देखणेपण आणि त्याचं दुखणं दोन्ही एकाच रसायनातून येतात.

सेल्युलॉइडची मूळ सामग्री दोनच वस्तूंची: कापूस आणि कापूर. कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होतं. स्वित्झर्लंडमधल्या बासेलचे रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टियान शोनबाइन यांनी १८४५-४६ च्या सुमारास ते शोधलं. दिसायला साधा कापूस, पण ठिणगी पडली की क्षणात भडकणारा. सैन्यांनी त्याला बंदुकीच्या दारूच्या जागी आणायचा प्रयत्न सुरू केला. आम्लाची मात्रा थोडी कमी ठेवली, म्हणजे नायट्रोजनचं प्रमाण अकरा टक्क्यांच्या आसपास राहिलं, की हाच कापूस स्फोटक न राहता विरघळवता येण्याजोगा होतो. त्यातून टिकाऊ घन पदार्थ करता येईल हे बर्मिंगहॅमच्या अलेक्झांडर पार्क्स यांनी ओळखलं. त्यांचं ‘पार्केसाइन’ १८६२ च्या लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात मांडलं गेलं आणि त्याला पदकही मिळालं. पण पार्क्स यांची कंपनी १८६६ मध्ये निघाली आणि १८६८ मध्ये बुडाली.

गाडं पुढे नेलं ते अमेरिकेतल्या ऑल्बनीच्या जॉन वेस्ली हायट यांनी. बिलियर्डचे चेंडू तेव्हा हस्तिदंताचे असत आणि हस्तिदंत महाग होत चाललं होतं. पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलर देऊ, अशी जाहिरात बिलियर्डचं साहित्य विकणाऱ्या फेलन आणि कोलेंडर या पेढीने केली होती. हायट यांनी नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळला आणि उष्णता व दाब देऊन पाहिला. कापराने तो पदार्थ मऊ, आकार घेणारा झाला आणि थंड झाल्यावर घट्ट राहिला. १८७० मध्ये त्यांना पेटंट मिळालं. ‘सेल्युलॉइड’ हे नाव दिलं त्यांचे भाऊ आयझाया यांनी. बिलियर्डच्या चेंडूंचं मात्र फारसं जमलं नाही. त्यांच्यावर सेल्युलॉइडचा लेप असे आणि दोन चेंडू जोरात आदळले की कधीकधी बारीक बार उडे. कोलोराडोतल्या एका दारूच्या गुत्त्याच्या मालकाने आपल्याला लिहिलेलं पत्र हायट यांनी पुढे एका भाषणात सांगितलं. मालकाचं म्हणणं, आवाजाबद्दल माझी तक्रार नाही. पण तो झाला की खोलीतला प्रत्येक माणूस पिस्तूल उपसतो.

कापूर यायचा कुठून? मुख्यतः फोर्मोसातून, म्हणजे आजच्या तैवानमधून. तिथल्या डोंगरांतले कापराचे प्रचंड वृक्ष तोडून, त्यांचे ढलपे वाफवून कापूर काढला जाई. १८९५ मध्ये जपानने बेट ताब्यात घेतलं आणि १८९९ मध्ये कापरावर सरकारी मक्तेदारी बसवली. कापराच्या जंगलांसाठी डोंगरातल्या मूळ रहिवाशांशी लढाया झाल्या. आपल्याकडे आरतीच्या तबकात जळणारा कापूर आणि युरोप-अमेरिकेतल्या बायकांच्या केसांतले कंगवे यांचा कच्चा माल त्या काळात एकच होता. पुढे टर्पेंटाइनपासून कृत्रिम कापूर होऊ लागला आणि आज पूजेचा बहुतेक कापूरही त्याच जातीचा असतो.

सेल्युलॉइडचे कंगवे झाले, शर्टांच्या कॉलरी झाल्या, चाकूसुऱ्यांच्या मुठी, पियानोच्या पट्ट्या, बाहुल्या झाल्या. १८८९ मध्ये ईस्टमनने त्याची लवचीक फिल्म विकायला काढली आणि सिनेमाचा मार्ग मोकळा झाला. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ याच नायट्रेटच्या फिल्मवर चित्रित झाला. पेनांकडे मात्र सेल्युलॉइड उशिरा वळलं. त्याला एक कारण पहिल्या महायुद्धाशी जोडलेलं आहे. अमेरिकेत दारूगोळ्यासाठी नायट्रोसेल्युलोज बनवणारी सर्वांत मोठी कंपनी ड्यू पाँट. तिने १९१५ मध्येच आर्लिंग्टन ही सेल्युलॉइड कंपनी विकत घेतली होती. युद्ध संपल्यावर बारुदासाठी उभारलेली क्षमता मोकळी पडली आणि ती मोटारींच्या रंगांकडे, कंगव्या-आरशांकडे वळली. शेफर आणि पार्कर यांच्या पेनांचं सेल्युलॉइडही ड्यू पाँटकडूनच येई.

रंग यायचे ते बनवण्याच्या पद्धतीतून. नायट्रोसेल्युलोज, कापूर आणि अल्कोहोल यांचा गोळा आधी कणकेसारखा मळला जाई, मग गरम रुळांमधून काढताना त्यात रंग घातला जाई. निघालेले पत्रे एकावर एक रचून, हायड्रॉलिक प्रेसमध्ये दाबून त्यांचा ठोकळा करत आणि तो तासून पुन्हा पत्रे काढत. खरी कलाकुसर या रचण्यात होती. वेगवेगळ्या रंगांचे तुकडे करून, ते मिसळून पुन्हा दाबले की संगमरवरी नक्षी येई. पट्ट्या उभ्या लावल्या की रेषा, आडव्या लावून कापल्या की वलयं. मोत्याची झाक हवी असेल तर माशांच्या खवल्यांतून काढलेलं चकाकतं द्रव्य मिसळत. आत ते थरांत पसरून राही आणि पेन फिरवलं की उजेड त्यावरून सरके. रंग वरून दिलेला नसून आरपार असल्यामुळे कितीही कातलं, घासलं तरी तो जात नाही. साच्यात ओतलेल्या प्लास्टिकला ही खोली सहसा साधत नाही.

तयार झालेली कांडी लगेच लेथवर चढवता येत नसे. आतला अल्कोहोल हळूहळू उडून जावा लागे, आणि तो उडताना कांडी आक्रसते. घाईने कातलेल्या पेनाचं टोपण काही महिन्यांनी घट्ट बसतं किंवा सैल होतं. म्हणून कांड्या महिनेच्या महिने, जाड असतील तर वर्षाहूनही अधिक वाळत ठेवत. मालात पैसे अडकून पडत, पण त्याला इलाज नव्हता.

शेफरच्या हिरव्या पेनाला पार्करने १९२६ मध्ये उत्तर दिलं. त्यांचं ‘ड्युओफोल्ड’ १९२१ पासून लाल एबोनाइटमध्ये सात डॉलरला विकलं जात होतं. आता ते सेल्युलॉइडमध्ये आलं, आणि पार्करने या सेल्युलॉइडचं नाव ठेवलं ‘पर्मनाइट’. ते फुटत नाही हे पटवण्यासाठी विमानातून पेन खाली टाकण्याच्या आणि ग्रँड कॅन्यनच्या दरीत फेकण्याच्या करामती जाहिरातींत झळकल्या. जेड हिरवा, लापिस निळा, मोती-काळा आणि १९२७ चा मॅन्डरिन पिवळा असे रंग पाठोपाठ आले. पिवळ्याला तेव्हा फारसं गिऱ्हाईक मिळालं नाही. शिवाय तो इतरांपेक्षा ठिसूळ निघाला. टोपणाच्या काठाला आणि मागच्या बाजूला तडे जायचे. कमी विकला गेला आणि त्यातलाही बराच फुटला, त्यामुळे आज तोच सर्वांत जास्त शोधला जातो. संग्राहकांच्या बाजारात असं अनेकदा दिसतं: दुकानात पडून राहिलेला रंग शंभर वर्षांनी दुर्मिळ ठरतो.

तोवर धंद्यात पहिल्या क्रमांकावर असलेली वॉटरमन कंपनी मात्र एबोनाइटला चिकटून बसली होती. १९२९ मध्ये तिने दहा डॉलरचं ‘पॅट्रिशियन’ काढलं तेव्हा उशीर झाला होता. त्याच वर्षी मंदी आली. पण उशिरा का होईना, कंपनीने सेल्युलॉइडमध्ये जे केलं त्याला तोड नाही. शिंपल्यासारखं ‘नेकर’, शेवाळी गोमेदाचं ‘मॉस अ‍ॅगेट’, ‘टर्क्वाइज’, ‘एमरल्ड’, ‘ऑनिक्स’ या रंगांतलं पॅट्रिशियन आज संग्राहक काचेच्या कपाटात पहिल्या ओळीत ठेवतात. १९२९ मध्येच शेफरने ‘बॅलन्स’ हे दोन्ही टोकांना निमुळतं होत जाणारं पेन आणलं आणि सपाट टोकांची जुनी पेनं एका रात्रीत जुनाट दिसू लागली. १९३१ मध्ये वॉल-एव्हरशार्पने बारा पैलूंचं ‘डोरिक’ काढलं.

सेल्युलॉइडचा सर्वांत चतुर उपयोग पार्करने १९३३ मध्ये ‘व्हॅक्युमॅटिक’मध्ये केला. त्यात मोतिया आणि पारदर्शक थर आलटूनपालटून दाबून ठोकळा बनवत आणि कांडी अशी कापत की पेनाभोवती वलयं उमटत. वलयांच्या मधल्या फटींतून आतली शाई दिसे. या पेनात रबरी पिशवी नव्हती. पडद्याच्या पंपाने अख्खं अंगच शाईने भरे. शोभा आणि शाई मोजण्याची सोय एकाच पदार्थात साधली गेली. व्हॅक्युमॅटिकवर वर्ष दाखवणारा अंक कोरलेला असतो आणि नंतरच्या पेनांत ठिपक्यांवरून तिमाहीसुद्धा कळते, त्यामुळे नवशिक्या संग्राहकाला सुरुवातीला हेच पेन सोयीचं पडतं. त्यात किंमत ठरते ती फटींच्या पारदर्शकपणावर. जुनं होताना त्या मधासारख्या पिवळट, मग तपकिरी होतात. ज्या अंगातून अजून स्वच्छ उजेड येतो ते पेन वेगळ्या भावाने जातं.

युरोपात प्रत्येक देशाने आपली चव शोधली. बोलोन्यात आर्मांदो सिमोनी यांनी १९२५ मध्ये स्थापलेल्या ओमासने पैलूदार पेनांसाठी असं सेल्युलॉइड निवडलं की एकेका पैलूवर वेगळा उजेड पडावा. जर्मनीत माँटब्लांने प्रवाळी लाल आणि चंदेरी रेघांची पेनं केली; त्यांचं प्रसिद्ध ‘१४९’ १९५२ मध्ये आलं तेव्हा तेही सेल्युलॉइडचंच होतं. लंडनच्या कॉनवे स्टुअर्टने तुलनेने स्वस्त पेनांत तडकलेल्या बर्फासारख्या, हेरिंगबोन विणीच्या, वाघाच्या डोळ्यासारख्या नक्ष्या आणल्या. मात्र त्यांची बरीच पेनं दुधातल्या केसिनची आहेत, आणि हा फरक संग्राहकाला ठाऊक असावाच लागतो. केसिन पाण्यात फुगतं. धुवायला वाटीत घातलं तर हातातून गेलं म्हणून समजावं.

सेल्युलॉइडचा शेवट दोन दिशांनी आला. पहिली दिशा भीतीची. १५ मे १९२९ रोजी क्लीव्हलँड क्लिनिक या रुग्णालयात साठवलेल्या नायट्रोसेल्युलोजच्या एक्स-रे फिल्म पेटल्या आणि विषारी धुराने १२३ माणसं दगावली. सिनेमागृहांतल्या आगी तर सगळ्यांच्या परिचयाच्या होत्या. पेन आपोआप पेट घेत नाही, पण काडी लागली तर भुरकन जळतं, आणि कारखान्यात असा कच्चा माल साठवायचा म्हणजे विमा कंपनीच्या कपाळावर आठ्या. दुसरी दिशा वेळेची. नव्या प्लास्टिकचे दाणे वितळवून साच्यात दाबले की काही सेकंदांत टोपण तयार. वाळवणं नाही, कातणं नाही. १९४१ मध्ये पार्करने ‘५१’ हे पेन ल्युसाइटमध्ये, म्हणजे ॲक्रिलिकमध्ये आणलं. भराभर सुकणारी त्याची खास शाई सेल्युलॉइडला खाऊन टाकी, तेव्हा जुना पदार्थ तिथे चालणारच नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत मोठ्या कंपन्यांनी सेल्युलॉइड सोडलं. टेबल टेनिसच्या चेंडूत ते सर्वांत जास्त टिकलं. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत प्लास्टिकचा चेंडू आला तो २०१४ मध्ये.

संग्राहकाचं काम इथून सुरू होतं. त्याच्या हातात आलेला पदार्थ स्थिर नाही. नायट्रोसेल्युलोज हळूहळू विघटित होतं आणि त्यातून नायट्रोजनची आम्लधर्मी वाफ बाहेर पडते. ही वाफ कोंडली गेली तर विघटन आणखी वेगाने होतं. आधी रंग विटतो, मग आत बारीक चौकोनी भेगांचं जाळं पडतं, शेवटी पेन चुरा होऊन गळतं. क्लिप आणि कडं हिरवी पडली, गंजली, तर ते धोक्याचं चिन्ह. असं आजारी पेन एकाच बंद पेटीत इतरांसोबत ठेवलं तर त्याची वाफ शेजाऱ्यांनाही लागते.

दुसरा शत्रू पेनाच्या पोटातच असतो. जुन्या शेफर-पार्करमध्ये शाई रबराच्या पिशवीत भरत. रबरातून सुटणारा गंधकाचा वायू जेड हिरव्याला आतून तपकिरी करतो आणि मोती-काळ्यातल्या मोत्याला पिवळट डाग पाडतो. म्हणूनच जेड पेनाचं टोपण लख्ख हिरवं आणि अंग मात्र गढूळ झालेलं सर्रास दिसतं. दोन्ही एकसारखी हिरवी असतील तर ते पेन बहुधा फार काळ शाईविना पडून होतं. अशा पेनांत दुरुस्त करणारे आता सिलिकॉनची पिशवी बसवतात.

महाराष्ट्राची हवा, त्यातही मुंबई-कोकणची दमट हवा, या पेनांना मानवत नाही. ऊब आणि ओल दोन्हींनी विघटन वाढतं. हाच पदार्थ सिनेमाच्या रिळांत काय करतो ते पुण्याने पाहिलं आहे: जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या चित्रपटांची रिळं नष्ट झाली.

नव्या काळात सेल्युलॉइडला पुन्हा दिवस आले ते इटलीत. १९८८ मध्ये फ्लोरेन्समध्ये व्हिस्कोंती ही कंपनी सुरू झाली. सुरू करणारे स्वतः पेनांचे संग्राहक होते आणि त्यांची सुरुवातीची पेनं सेल्युलॉइडची होती. ओमासने ‘आर्को’ या कमानदार थरांच्या सेल्युलॉइडवर पुन्हा नाव कमावलं. ते २०१६ च्या सुरुवातीला बंद पडलं तेव्हा त्याच्याकडे उरलेल्या कांड्या विकत घेऊन इतर कारागिरांनी मोजकी पेनं काढली. जपानची प्लॅटिनम कंपनी आजही सेल्युलॉइडची पेनं विकते. पण कच्चा माल मिळणं अवघड झालं आहे. धोकादायक मालाच्या संयुक्त राष्ट्रांच्या यादीत सेल्युलॉइडच्या कांड्या, पत्रे, नळ्या यांना २००० हा क्रमांक आहे आणि ज्वालाग्राही घन पदार्थांचे नियम पाळूनच त्यांची वाहतूक होते. बहुतेक नवी ‘संगमरवरी’ पेनं ॲक्रिलिकची किंवा सेल्युलोज ॲसिटेटची असतात. ती वाईट नव्हेत, पण त्यांना जुन्या सेल्युलॉइडची किंमत देऊ नये.

ब्रिटिश काळात ही विलायती पेनं इथल्या दुकानांत मिळत, तेव्हा आजोबांच्या कपाटात, जुन्या दप्तरात असं एखादं पेन निघू शकतं. निघालं तर टोपण जरा अंगठ्याने घासून हुंगून पाहावं; कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड. तापलेली टाचणी टोचून पाहण्याचा जो उपाय काही जण सांगतात तो अजिबात करू नये. ॲसिटोन, नेलपॉलिश काढायचं द्रव, स्पिरिट यांपासून पेन दूर ठेवावं. ॲसिटोनमध्ये ते विरघळतं. भरायची कळ अडली असेल तर जोर लावू नये, जाणकाराकडे द्यावं. हवाबंद डबीत, प्लास्टिकच्या पिशवीत किंवा उन्हाच्या खिडकीत न ठेवता हवा खेळती राहील अशा थंड, कोरड्या खणात ठेवावं. आणि पेन बरं असेल तर त्यात साधी, सौम्य शाई भरून अधूनमधून लिहावं, काम झाल्यावर धुऊन ठेवावं. वापरातलं पेन बिघडायला लागलं तर लवकर लक्षात तरी येतं.